पाच लाखांत कार्बन: टन विकत घ्यावेत, की पोरगं कामाला लावावं?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या माझ्या एका फौंड्रीवाल्या मित्रानं यंदाच्या नफ्यातले पाच लाख बाजूला काढले. २०१९ च्या पुरात हायवे बंद पडला तेव्हा त्याच्या कास्टिंगच्या दोन गाड्या कित्येक दिवस जागेवर उभ्या होत्या. तेव्हापासून हवामानाचा विषय निघाला की हा गप्प बसत नाही. "झाडं सगळेच लावतात. हवेतला कार्बन ओढून घ्यायचं संशोधन चाललंय म्हणे, तिकडं देऊ या की. कुणाला द्यायचं ते तू सांग."

आधी ताळेबंद बघितला. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी ओलांडलं तरी सीएसआरचा, म्हणजे कंपनीनं नफ्यातला वाटा समाजाच्या कामाला द्यायचा, कायदा लागतो. मग तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावाच लागतो, आणि तोही भारतातच. आयआयटी आणि सरकारी विद्यापीठांतलं संशोधन त्यात बसतं. परदेशी कंपनीला पैसे देऊन हवेतून काढून घेतलेले कार्बन डायऑक्साइडचे टन बसत नाहीत. मित्र या मर्यादेच्या बराच खाली आहे, म्हणजे त्याला दोन्ही वाटा मोकळ्या. तुम्ही वर असाल तर पुढचा एक परिच्छेद सोडलात तरी चालेल.

टन विकत घेण्याची वाट प्रसिद्ध केली ती स्ट्राइप या पेमेंट कंपनीनं. २०२० मध्ये तिनं दहा लाख डॉलर चार नवख्या कंपन्यांत वाटले. त्यातल्या क्लाइमवर्क्सला, म्हणजे पंखे लावून हवेतून कार्बन डायऑक्साइड गाळणाऱ्यांना, टनाला ७७५ डॉलर मोजले. पुढे २०२२ मध्ये अल्फाबेट, शॉपिफाय, मेटा, मॅकिन्झी यांच्यासोबत असेच टन विकत घेणारा फ्रंटियर हा गट उभा राहिला, ९२.५ कोटी डॉलरचा. अनेक देशांत स्ट्राइप वापरणाऱ्या छोट्या कंपन्यांनाही कमाईतला थोडा टक्का तिकडं वळवता येतो. पण हिशेब करा. ७७५ डॉलर म्हणजे साधारण सत्तर हजार रुपये, तेव्हा पाच लाखांत सात टन. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट जातात, युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे सात टनांत सोळा-सतरा टन लोखंडाचं पाप फिटतं. मित्राची भट्टी एवढं एका दिवसात ओतते. स्ट्राइपलाही टनांची हौस नव्हती. या कंपन्यांना पहिलं गिऱ्हाईक मिळावं म्हणून तो खटाटोप होता. आपले पाच लाख तिथं गिऱ्हाइकांच्या रांगेत दिसणारसुद्धा नाहीत.

दुसरी वाट पवईची. कार्बन पकडणं आणि वापरणं यासाठी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागानं आयआयटी मुंबईत राष्ट्रीय केंद्र काढलंय. तिथल्या विद्यार्थ्यांच्या चमूनं २०२१ मध्ये एक्सप्राइझ या जागतिक बक्षीस-स्पर्धेचे अडीच लाख डॉलरही मिळवले. माणसं पारखलेली, उपकरणं जागेवर. पण तिथं पाच लाख म्हणजे उसाच्या ट्रॉलीत एक मोळी.

तेच पाच लाख शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणी वेगळे दिसतात. ज्युनियर रिसर्च फेलोला, म्हणजे संशोधनासाठी नेमलेल्या तरुण विद्यार्थ्याला, २०२३ पासून महिना ३७,००० मिळतात. वर्षाचे चार लाख चव्वेचाळीस हजार, वर घरभाडं. म्हणजे साधारण पाच लाखांत एक पोरगं किंवा पोरगी वर्षभर एकाच प्रश्नाच्या मागे. धोका आहे तो कागदांचा. एका संस्थेला आम्ही पूर्वी दिलेला चेक सात महिने पडून होता, कारण खर्चाचं शीर्षक ठरेना. तेव्हा चेकच्या आधी दोन पानी करार करा: कोणता प्रश्न, कोण काम करणार, पैसे कोणत्या महिन्यात सुटणार.

आणि प्रश्न आपल्या पायाखालीच आहे. अंबाबाईचं देऊळ ज्या काळ्या दगडाचं, तोच बेसाल्ट. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आंबट होतं. बारीक दळलेल्या बेसाल्टवर ते पडलं की दगडातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सुटतं, आणि कार्बन बायकार्बोनेट होऊन पंचगंगेतून कृष्णेत, तिथून समुद्रात जातो. भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या रानात हेच करणाऱ्या माटी कार्बनला एप्रिल २०२५ मध्ये एक्सप्राइझचं पाच कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. आपल्याकडं क्रशरची कच ढिगानं पडलेली असते. पण ती उचलून कुठल्याही उसात टाकायची नाही. नदीकाठची काळी जमीन मुळातच बेसाल्टची आणि चुनखडीची, तिथं दगड हळू विरघळतो. शिरोळकडच्या क्षारपड रानात तर हा प्रयोग नकोच. गगनबावडा, राधानगरीकडची तांबडी, आम्लधर्मी माती आणि तिथला धो धो पाऊस ही खरी जागा. अवघड काम मोजण्याचं: नेमका किती दगड विरघळला? त्यासाठी पावसाळ्याआधी आणि नंतर माती, निचऱ्याचं पाणी, शिवाय कचेतलं निकेल-क्रोमियम तपासायला लागतं. यात पैसा यंत्राला कमी, माणसाच्या पायपिटीला जास्त जातो, आणि छोट्या देणगीला हेच परवडतं.

आणखी दोन गोष्टी मित्रानं मध्येच काढल्या. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आंबवताना निघणारा वायू जवळजवळ शुद्धच असतो, तो पकडायला देणगी कशाला. तो धंदा आहे. शेडवरचं सोलर तर करावंच, पण ते वीजबिलाच्या हिशेबात. त्याला दानधर्म म्हणू नये.

माझा कौल विद्यापीठ आणि बेसाल्टला, एका अटीवर. एका पावसाळ्यात काही कळत नाही, म्हणून दोन वर्षं पाच-पाच लाख देणार असाल तरच फेलो नेमा. एकदाच द्यायचे असतील तर माणूस नेमू नका, वर्षानं तो उघड्यावर पडतो. त्यापेक्षा आधीच काम करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या नमुना-तपासणीचं बिल भरा. सीएसआरच्या कचाट्यात असाल आणि कागदांची कटकट नको असेल, तर सरळ पवई.

मित्र दोन वर्षांना तयार झाला. करार वाचून त्यानं एवढंच विचारलं, "गगनबावड्याला जायचं पेट्रोल त्या पोराच्या ३७ हजारांतनंच का?"

वेगळं धरा, म्हटलं.