तीन, चार, सहा की सात? वाक मोजणारे फायबर घेण्याआधी

आमच्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि चैत्रात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. त्यामुळे शेततळ्याचा मातीचा बांध आतून सरकतोय का, असा प्रश्न जळगाव-धुळ्याकडे दर दोन वर्षांनी कुणीतरी घेऊन येतोच. पीव्हीसी पाईप उभा पुरायचा, त्याच्या अंगाला लांबीभर ग्रेटिंगवाले ऑप्टिकल फायबर चिकटवायचे (ग्रेटिंग म्हणजे फायबरमधली ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परतवणारी जागा) आणि पाईप कुठे किती वाकला ते इंटरोगेटरवर, म्हणजे ती तरंगलांबी मोजणाऱ्या यंत्रावर, वाचायचं, हा त्यावरचा एक चांगला उपाय. यंदा प्रोजेक्टवाल्या पोरांनी विचारलं, "सर, तीन फायबरमध्ये गणित सुटतं, मग चौथा कशाला?"

तीनमध्ये सुटतं, खरं आहे. पाईपच्या एका छेदावर अज्ञातं तीनच असतात: दोन दिशांचा वाक आणि सगळ्यांना सारखा असलेला ताण, ज्यात तापमानही मिसळलेलं असतं. पण तीन वाचनांतून ते नेहमीच सुटतं, एक फायबर गोंदातून सुटला असला तरी. घरातली तिवई आठवा. जमीन कशीही असो, ती डगमगत नाही. बाजेला चार पाय असतात, म्हणून एखादा पाय आखूड झाला की ती लगेच कुरकुरते. चौथा फायबर घ्यायचा तो या कुरकुरीसाठी.

पाईप वाकला की एक फायबर जेवढा ताणतो तेवढाच समोरचा आखडतो, म्हणून नव्वद-नव्वद अंशांवर चार फायबर असतील तर समोरासमोरच्या जोड्यांची बेरीज सारखी यायला हवी. ग्रेटिंगची तरंगलांबी 1 मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखात एक भाग फरक) साधारण 1.2 पिकोमीटर सरकते, आणि नुसत्या फायबरची 1 अंश सेल्सिअसला सुमारे 10 पिकोमीटर. मागच्या एप्रिलमध्ये वर्कशॉपच्या सपाट टेबलावर ठेवलेला आमचा पाईप मधोमध वाकल्याचं दाखवत होता. बेरजा जुळत नव्हत्या, म्हणजे चूक आहे एवढं कळलं. चौघांतला चोर कोण, ते मात्र चार फायबर सांगूच शकत नाहीत, कारण तपासणीचं समीकरण एकच उरतं. शेवटी प्रत्येक फायबरवरून नख फिरवत गेलो. एका जागी चकचकीत इपॉक्सीखाली पांढुरका फुगा दिसला, आणि फायबर तिथे टिकटिक वाजत होता. टेबलावर हे जमतं. आठ मीटर खोल मातीत नख कुठून नेणार?

म्हणून पाईपसाठी माझं मत सहाचं. साठ-साठ अंशांवर लावले की समोरासमोरच्या तीन जोड्यांची सरासरी एकच यायला हवी. एक फायबर बिघडला तर त्याची जोडी वेगळी पडते. मग एकाआड एक अशा दोन तिकड्यांची सरासरी काढा आणि शाबूत जोड्यांच्या सरासरीशी ताडून पाहा. जी तिकडी जुळत नाही तिच्यातला, त्या जोडीतला फायबर दोषी. त्याला वगळून उरलेल्या पाचांवर काम चालू राहतं. एकाच वेळी दोन बिघडले तर मात्र हा हिशेब फसू शकतो.

इंटरोगेटरचे चॅनेल (फायबर जोडायच्या जागा) वाचवायला काही जण एकच लांब फायबर वर-खाली वळवून सहा रेघा काढतात. तसं करू नका. एक तुटला की तुटीच्या पलीकडचं सगळं आंधळं होतं.

आता दुसरी बाजू. सात कोअरचा (कोअर म्हणजे प्रकाश वाहून नेणारा गाभा) तयार फायबर, केसाइतका बारीक: 125 मायक्रॉन जाडी, मध्ये एक कोअर आणि भोवती सहा, मध्यापासून साधारण 35 मायक्रॉनवर. गोंद एकदाच लागतो, सगळ्या कोअरचं तापमान सारखं असतं आणि सात वाचनं वजा तीन अज्ञातं म्हणजे चार तपासण्या. दिसायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण वाकाचा ताण मध्यापासूनच्या अंतराच्या पटीत येतो. ताण मोजण्यात 1 पिकोमीटरची चूक दोन मीटरभर एकाच दिशेला राहिली, तर टोक जवळजवळ 48 मिलिमीटरने चुकतं. 75 मिलिमीटर व्यासाच्या पाईपवर तीच चूक 0.05 मिलिमीटरच्याही आत राहते. शिवाय सात कोअर सात वेगळ्या फायबरवर काढायला फॅनआउट नावाचा जोडभाग लागतो, आणि तो पोरांच्या बजेटला परवडत नाही. कॅथेटरसारख्या बारीक नळीत दुसरा इलाजच नसतो, तिथे हाच घ्या.

घेताना कोअर सरळ आहेत की मळसूत्री, हे विचाराच. मळसूत्री फायबर पीळही ओळखतो, पण त्यामुळे अज्ञातं चार होतात. मग चार कोअरचा मळसूत्री फायबर परत तिवईच झाला. सातमध्ये तीन तपासण्या उरतात, तरी मधला कोअर बिघडला तर ती चूक पीळ म्हणून खपून जाते. पीळ मोजायचा नसेल तर सरळ कोअरच बरे.

पाईपच्या बाजूने बोललो, आता त्याची खोडही सांगतो. भुसावळकडचं मे महिन्याचं ऊन पाईपच्या एका अंगाला पडलं की एक बाजू जास्त तापते. त्यात पाईप खरोखर किती वाकला आणि फायबर नुसताच किती तापला, हे वेगळं निघत नाही. उष्णता एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे सारखी कमी होत गेली, तर सहाच काय, बारा फायबरच्या बेरजाही चोख जुळतील. जमिनीखाली एक-दीड मीटरनंतर हा त्रास जवळपास संपतो. वरच्या तुकड्याला सावली करा, नाहीतर पहाटेचंच वाचन धरा.

पोरांना सहा फायबर सांगितलेत. पुरण्याआधी पाईप सावलीत सपाट ठेवून तासभर वाचनं घ्या, बेरजांतला फरक आपोआप किती हलतो ते लिहून ठेवा, आणि त्याच्या चौपट हलला तरच घंटा वाजू द्या.