इटलीचा अभ्यासदौरा: एजन्सीच्या हाती द्यावा की कॉलेजनं स्वतः आखावा?

समजा, वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाचे ३२ विद्यार्थी आणि २ शिक्षक रोम, फ्लॉरेन्स, विचेंझा आणि व्हेनिसला निघाले आहेत. कॉलेजपुढे दोन वाटा आहेत: सगळं एजन्सीला द्यायचं, नाहीतर सगळं आपण करायचं. बैठकीत बहुतेक वेळा फक्त दोन कोटेशनांचे आकडे शेजारी ठेवले जातात. खरा फरक त्या आकड्यात दिसतच नाही. एखाद्याचा व्हिसा आला नाही तर नुकसान कुणाचं, आणि विषयाशी संबंधित इमारत चुकली तर विचारायचं कुणाला, यावर निर्णय ठरायला हवा.

व्हिसा

महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज इटलीच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. शेंगेन व्हिसाचं (युरोपातल्या बऱ्याच देशांत एकाच व्हिसावर फिरता येतं, त्याचं) शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे. मात्र शेंगेनच्या व्हिसा संहितेत अभ्यासासाठी किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना हे शुल्क माफ आहे. ३४ जणांचे ३,०६० युरो होतात, म्हणजे रक्कम किरकोळ नाही. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क मात्र भरावंच लागतं.

एजन्सी आणि कॉलेज यांच्यातला पहिला मोठा फरक इथे पडतो. एजन्सीचा माणूस सवयीनं 'पर्यटन' हा हेतू भरतो, कारण त्याचे रोजचे अर्ज तसेच असतात. एकदा पर्यटन लिहिलं की माफीचा प्रश्नच उरत नाही. कॉलेजनं फाइल स्वतः केली तर लेटरहेडवरचं पत्र, विषय आणि पेपरचं नाव, दिवसवार अभ्यासक्रम, सोबतच्या शिक्षकांची नेमणूक आणि शक्यतो तिथल्या एखाद्या विद्यापीठाचं निमंत्रण जोडता येतं. माफी लागू होते की नाही, हे दूतावासाला आधी ई-मेल करून लेखी विचारून घ्या. वेळापत्रकात चार दिवस खरेदी आणि गोंडोला असेल तर कुणीही त्याला अभ्यास म्हणणार नाही, हेही उघड आहे.

बाकी अटी दोन्ही वाटांवर सारख्याच आहेत. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, १५ दिवसांच्या आत आला तर उशीर झाला. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान ३ महिने वैध हवा, दोन पानं कोरी हवीत आणि विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. गटाचा एकच विमा घेतलात तर प्रमाणपत्रावर प्रत्येकाचं नाव छापलेलं आहे ना, ते पाहा. 'इतर ३३' असं लिहिलेलं चालत नाही. बोटांचे ठसे ५९ महिने वापरता येतात. ज्यांचे त्या काळातले नाहीत त्यांना केंद्रावर स्वतः जावंच लागतं, एजन्सी पाठवून चालत नाही. १८ पूर्ण नसलेल्यांसाठी आई-वडील दोघांचीही संमती लागते. डिप्लोमाच्या वर्गात अशी दोन-तीन मुलं हमखास निघतात.

नावांची यादी

हा आपल्याकडचा खास घोटाळा. कॉलेजची यादी आडनाव, नाव, वडिलांचं नाव अशा क्रमानं असते, आणि एजन्सी तीच उचलून तिकिटं काढते. पासपोर्टवर काहींच्या नावाच्या रकान्यात वडिलांचं नाव असतं, काहींच्या नसतं. तिकिटावर जे लिहायचं ते पासपोर्टच्या पानाकडे बघूनच. यादी कुणीही केली तरी प्रत्येक विद्यार्थ्यानं स्वतःची ओळ पासपोर्टशी ताडून सही करावी. रोमच्या कोलोझियमची तिकिटंही आता नावानिशी निघतात, त्यामुळे चूक विमानतळावर सुटली तरी तिथे पुन्हा आडवी येते.

विमानाचं तिकीट

यात एजन्सीचं पारडं जड आहे. ऑनलाइन एका वेळी ९ जणांचंच बुकिंग होतं. शिवाय स्वस्त श्रेणीत ४ जागा उरल्या असताना तुम्ही ९ मागितल्या, तर यंत्रणा नऊही जणांना वरच्या श्रेणीचा दर लावते. चार-चारच्या तुकड्यांत काढलं तर पहिली तुकडी स्वस्तात जाते, शेवटची महागात. मग पालक विचारतात, माझ्याच मुलाला जास्त का?

गटाच्या तिकिटात (बहुतेक कंपन्यांकडे १० किंवा जास्त प्रवासी) सगळ्यांना एकच दर मिळतो, आधी अनामत भरायची आणि नावं नंतर द्यायची. सुट्या तिकिटांचा पहिला दर कधीकधी याहून कमी दिसतो, त्याला भुलू नका. फक्त तीन गोष्टी लिहून घ्या: किती जागा दंड न भरता सोडता येतात, नावं देण्याची शेवटची तारीख कोणती, आणि व्हिसा नाकारला तर किती परत मिळतं. नावांची तारीख व्हिसाच्या निकालाआधी येत असेल, तर तो करार ३४ जणांसाठी जुगार आहे.

पैसे आणि कर

विमानाचं तिकीट, हॉटेल (जेवणासह किंवा जेवणाशिवाय) आणि तशाच स्वरूपाचा इतर खर्च यांपैकी किमान दोन गोष्टी एकाच विक्रेत्याकडून घेतल्या की कर खात्याच्या भाषेत ते परदेश दौऱ्याचं पॅकेज होतं आणि पहिल्या रुपयापासून टीसीएस (विक्रेता पैसे घेतानाच वसूल करतो तो आयकर) कापला जातो. नुसतं तिकीट किंवा नुसतं हॉटेल घेतलं तर ते पॅकेज ठरत नाही. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून कोटेशनच्या दिवशीचा दर विचारा. कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळवता येतो, पण ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच. पालकांनी पैसे कॉलेजला दिले आणि कॉलेजनं एकच चेक एजन्सीला दिला, तर कर कॉलेजच्या पॅनवर जमा होतो आणि पालकांच्या हाती काही लागत नाही. म्हणून पावत्या विद्यार्थीनिहाय घ्या, आणि ज्यांचं पॅन नाही त्यांना आजच अर्ज करायला सांगा. पॅन नसेल तर दर चढा लागतो.

स्वतः करणाऱ्यांची अडचण वेगळी. रिझर्व्ह बँकेची वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवण्याची सोय व्यक्तींसाठी आहे, कॉलेज चालवणाऱ्या ट्रस्टसाठी नाही. मग हॉटेलचं आरक्षण एखाद्या प्राध्यापकाच्या कार्डावर होतं, आणि तीन-चार लाखांचा बोजा आणि रद्द झाल्यास होणारी वसुली एका माणसाच्या डोक्यावर येते. ही पद्धत टाळाच.

तिथला प्रवास

एजन्सी पूर्ण दौऱ्याला बस देते. सामान सोबत राहतं, ही सोय मोठी. पण युरोपात चालकाला दिवसाला ९ तास (आठवड्यातून दोनदा १०) गाडी चालवता येते, साडेचार तासांनी ४५ मिनिटं थांबावं लागतं आणि साधारण ११ तासांची रात्रीची विश्रांती लागते. 'रात्री दहाला परत, सकाळी सातला निघू' असं वेळापत्रक कागदावरच राहतं. रोम आणि फ्लॉरेन्समध्ये बस शहरात आणायला परवान्याचे पैसे लागतात. ते कोटेशनमध्ये धरलेत का, आणि हॉटेलांचा शहरकर कोण भरणार, हे विचारा.

रेल्वेनं रोम–फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स–व्हेनिस सव्वादोन तासांच्या आसपास. शहरांसाठी हीच चांगली. गाडी मधल्या स्टेशनवर काही मिनिटंच थांबते, तेव्हा ३४ बॅगा एकाच दारातून उतरवू नका, दोन डब्यांत विभागून बसा. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी यंत्रात शिक्का मारून घ्यायचं, नाहीतर दंड. व्हेनिसजवळची, वास्तुकार कार्लो स्कार्पाची ब्रियों समाधी मात्र रेल्वेनं नीट साधत नाही, त्या एका दिवसापुरती बस घ्या.

बघायचं काय

इथे एजन्सी सपशेल कमी पडते. तयार सहलीत पिसाचा मनोरा असतो, पण विचेंझातल्या, वास्तुकार पल्लाडिओच्या इमारती नसतात. त्याचाच व्हिला रोतोंदा खासगी मालकीचा आहे, आतून ठरावीक दिवशीच उघडतो. फ्लॉरेन्सचं उफ्फीझी आणि बरीच सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी. सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखालच्या सर्वांना मोफत प्रवेश आहे, पण १८ ते २५ ची सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांना, म्हणजे आपल्या मुलांना पूर्ण दर धरून अंदाजपत्रक करा. व्हेनिसच्या जुन्या शहरात २५ पेक्षा मोठा गट आणि ध्वनिवर्धक दोन्हींना मनाई आहे. दोन तुकड्या कराव्याच लागतात, म्हणून दोन शिक्षक हे किमान.

आमचं मत: विमान गटाच्या तिकिटावर एजन्सीकडून घ्या, हॉटेलं वेगळ्या विक्रेत्याकडून, आणि व्हिसाची फाइल व स्थळांची यादी विभागानं स्वतःकडे ठेवावी. पहिलाच दौरा असेल आणि सांभाळायला एकच शिक्षक मोकळा असेल, तर सगळं एजन्सीला द्या, पण स्थळांची यादी करारात दिवस आणि वेळेसह छापून घ्या. अनामत भरण्याआधी करारात ही तीन वाक्यं हवीत: व्हिसा अभ्यासाच्या हेतूनं भरला जाईल, यादीतलं स्थळ चुकलं तर त्याचे पैसे परत मिळतील, व्हिसा नाकारलेल्या विद्यार्थ्याची रक्कम किती दिवसांत आणि किती कापून परत येईल.