वारलीच्या पांढऱ्या रेषा आणि स्क्रायबस १.६

आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ गेल्या वर्षी बिघडलं, ते मला अजून सलतंय. चित्र होतं जव्हारकडच्या एका घरातल्या भिंतीवरचा वारली लग्नचौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र, गेरूवर तांदळाच्या पिठाच्या बारीक रेषा. साध्या चाररंगी छपाईत पांढरी शाई नसते. पांढरी रेषा म्हणजे तेवढा कोरा सोडलेला कागद. अंक हातात आल्यावर भिंग लावलं, तर प्रत्येक रेषेच्या कडेला मळकट तांबूस ठिपके! फोटो उत्तम होता, छापखान्याचीही चूक नव्हती. मी अख्ख्या पानाची मधल्या दर्जाची जेपेग करून पाठवली होती. जेपेगचं काँप्रेशन सगळ्यात आधी अशाच रेषा खातं, जिथे गडद रंगाला खेटून पांढरा असतो. शिवाय अक्षरंही चित्रात विरघळली, शीर्षकाच्या वेलांट्या दातेरी आल्या.

यंदा सगळा अंक स्क्रायबस या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावला. मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. १.४ मालिकेत देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळत नसत, म्हणून मी वाटेला जात नव्हते. १.६ मध्ये युनिकोड मराठी व्यवस्थित बसते.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की फोटो चौकटीत टाकला की त्याचा खरा डीपीआय (छापताना एका इंचात किती पिक्सेल बसतात तो आकडा) शेजारी दिसतो आणि फोटो ताणला की तो आकडा तिथल्या तिथे उतरतो. ३००० पिक्सेल रुंदीचा फोटो १० इंचात ३०० डीपीआय देतो, २० इंचात १५०च. आर्ट पेपरवरच्या ऑफसेटला मी ३००च्या खाली जात नाही. प्रीफ्लाइटमध्येही, म्हणजे पीडीएफआधी चुका तपासणाऱ्या सोयीत, किमान मर्यादा ३०० करून ठेवली, त्यामुळे व्हॉट्सअॅपवरून आलेले तीन फोटो पीडीएफ काढण्याआधीच पकडले गेले. ते तिघांकडून पुन्हा मागवले, डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे व्हॉट्सअॅप त्यांचे पिक्सेल कमी करत नाही.

पीडीएफ काढताना काँप्रेशन ‘ऑटोमॅटिक’वर सोडू नका. मी झिप निवडलं, त्यात चित्राचा एकही कण हरवत नाही. चित्रांचं रिझोल्यूशन कमी करणारा पर्याय बंद ठेवला, आउटपुट ‘प्रिंटर’, ब्लीड (कापणीसाठी पानाबाहेर वाढवलेली चित्राची कड) ३ मिमी. फाइल गेल्या वर्षीच्या कितीतरी पट मोठी झाली, होऊ दे. पेन ड्राइव्हवर नेऊन दिली.

अडचणी आहेतच. पीडीएफ/एक्स-४ किंवा एक्स-१ए, म्हणजे छपाईसाठी ठरवलेल्या प्रकारची पीडीएफ हवी असेल, तर आधी कलर मॅनेजमेंट (रंग जुळवण्याची सोय) चालू करावं लागतं. तोवर ते पर्याय वापरताच येत नाहीत. हे शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. शिवाय आमच्याकडच्या छापखान्यांत कोरलड्रॉ हे सॉफ्टवेअर चालतं, स्क्रायबसची मूळ फाइल तिथे कुणी उघडत नाही. प्रूफात ‘श’चा ‘ष’ झालेला सापडला, तरी घरी येऊन दुरुस्ती करून नवी पीडीएफ न्यावी लागते. आणि फोटो फाइलच्या पोटात राहत नाहीत, फक्त जोडलेले असतात. फोल्डर हलवलं की चौकटी रिकाम्या. संगणक बदलण्याआधी ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ नक्की करा, त्यात फाइल, फोटो आणि फाँट एका फोल्डरमध्ये गोळा होतात.

छोट्या अंकाचं काम स्वतः लावणाऱ्या प्रत्येकाला मी हे सुचवेन. यंदाच्या मुखपृष्ठावर तोच चौक पुन्हा घेतला. प्रूफवर भिंग फिरवलं, तारपा वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत रेषा स्वच्छ आहेत.