ईटी 35 की ईटी 42? खाली घेतलेल्या स्विफ्टचा हिशोब

माझ्याकडं दोन्ही सेट होऊन गेलेत. गाडी तीच स्विफ्ट, स्प्रिंग बदलून साधारण 35 मिलिमीटर खाली घेतलेली. मॅगव्हील (अलॉय चाकं) दोन्ही वेळा 15 इंची, 7 जे म्हणजे 7 इंच रुंदीची, टायर 195/60. बदलला तो फक्त ऑफसेट, म्हणजेच ईटी: चाकाच्या रुंदीचा मध्य आणि गाडीला बोल्टनं बसणारी बाजू यांतलं अंतर. आकडा जेवढा लहान, तेवढं चाक बाहेर येतं. फरक 7 मिलिमीटरचा, म्हणजे एका पेन्सिलीची जाडी. एवढ्यानं काय होतंय, असं मलाही वाटलं होतं.

दिसण्याचं आधी उरकून घेतो, कारण तिथं वादच नाही. ईटी 35 भारी दिसतं. चाक फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेला येऊन टेकतं, गाडी रुंद वाटते, रंकाळ्यावर लावली की दोन पोरं तरी वाकून बघणार. ईटी 42 लावल्यावर शेजाऱ्यानं विचारलं, ‘नवीन व्हील कधी टाकताय?’

आता टायरचं. ‘ऑफसेट कमी केला की टायर खातंय’ असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. माझ्या अनुभवानं ते अर्धंच खरं. टायर खातो तो टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकाचं नाक सरळ न राहता आत किंवा बाहेर वळलेलं असणं. गाडी खाली आली की कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, निगेटिव्हकडं जातो (चाकाचं डोकं आत झुकतं) आणि स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टायरॉडचा कोन बदलल्यामुळं टोही हलतो. नुसत्या कॅम्बरवर टायर बराच काळ तग धरतो, पण टो बिघडलेला टायर प्रत्येक फेऱ्याला थोडा आडवा फरफटतो. पाय घासत चालणाऱ्याची चप्पल कितीही जाड कातड्याची असली तरी एका बाजूनं झिजतेच, तसं.

मग ऑफसेटचा दोष काय? तो आडून येतो. ईटी 35 ला पुढचा टायर खड्ड्यात फेंडरला लागायचा, म्हणून मी कॅम्बर बोल्ट टाकून चाकाचं डोकं आत घेतलं, उणे अडीच अंशाच्या आसपास. चाक बसलं, आवाज गेला, मी खूश. अलाइनमेंटवाल्यानं स्टिअरिंग सरळ करून दिलं, तेवढ्यावर मी समाधान मानलं. कागदावरचा टोचा आकडा बघितलाच नाही. चौदा-एक हजार किलोमीटरला उभं राहून बघितलं तर टायरवर निम्म्याहून जास्त नक्षी शिल्लक होती. गाडी जॅकवर घेऊन हात आत घातला, तर आतल्या कडेचा गोटा झालेला आणि बोटाला तार टोचली. नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आपण मोजतो बाहेरून आणि तो संपतो आतून.

ईटी 42 ला कॅम्बर बोल्टची गरजच पडली नाही. स्प्रिंगमुळं जेवढा आला तेवढाच कॅम्बर ठेवला, टो शून्याजवळ आणला. आज सोळा हजार झालेत, आतली कड किंचित पुढं आहे, पण तार दिसायला अजून लांब. यात ऑफसेटचं श्रेय किती आणि नीट केलेल्या अलाइनमेंटचं किती, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही.

तरीपण खरं सांगायचं तर निर्णय टायरच्या पैशावर झाला नाही. निर्णय झाला मामांमुळं.

ज्योतिबाला निघालो होतो. पुढं मी आणि वडील, मागं आई, मामी आणि उजवीकडं मामा. मामांचं वजन सांगत नाही, पण ते बसले की गाडीला कळतं. ज्योतिबाच्या डोंगरावरचा वाडी रत्नागिरीचा चढ सुरू झाला आणि पहिल्याच डाव्या वळणाला मागनं आवाज आला, खर्रर्र. पुढच्या वळणाला परत. स्पीड ब्रेकरवर तर लाकूड कापल्यासारखा. मागं चाकाला काही करता येत नाही; दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा टॉर्शन बीम आहे, बोल्ट फिरवून कॅम्बर बदलायची सोय नाही. शेवटी गाडी बाजूला घेऊन म्हणालो, ‘मामा, तुम्ही जरा मधी बसता का?’

मामा उतरले, चाकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ‘व्हय रं, आता वजन करून बसवणार हाईस काय?’

त्या दिवसापासून घरात नियमच झाला. मागं दोघंच. तिसरा आला तर बारक्यानं कडेला, जडानं मधी. पाहुण्यांना बसवायच्या आधी मी मनात वजनं करायला लागलो. घरी येऊन मागचं चाक काढलं, तर फेंडरच्या आतली दुमडलेली कड घासून चकाकत होती आणि टायरच्या बाहेरच्या खांद्यावर सुरीनं ओढावी तशी गोल रेघ पडलेली. म्हणजे पुढचे टायर आतून गेले आणि मागचे बाहेरून. फेंडरची कड आत वळवून घेता येते, पुष्कळ जण करतात. पण वळवताना रंगाला बारीक तडा गेला, तर आपल्या पावसात तिथं गंज धरायला फार वेळ लागत नाही. मला ते धाडस झालं नाही.

बाकीच्या गोष्टी किरकोळ. ईटी 35 ला खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसका देतं. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या रस्त्यावर गाडी चाकोरीमागं पळते. पावसाळ्यात चिखल दारावर, थेट हँडलपर्यंत. व्हील बेअरिंगवर ताण वाढतो हे शास्त्रानं खरं, पण माझं बेअरिंग काही गेलं नाही, त्यामुळं त्यावर जास्त बोलत नाही.

ईटी 42 पण धुतल्या तांदळाचं नाही. चाक आत आल्यामुळं स्ट्रट (चाकामागचा शॉकॲब्सॉर्बरचा खांब) आणि टायरमध्ये माझी करंगळी जेमतेम जाते. मंगळवार पेठेतल्या गल्लीत स्टिअरिंग पूर्ण वळवून मागं घेताना आतल्या प्लास्टिकच्या लाइनरला टायर हलकासा लागतो. शिवाय मॅगव्हीलचं मधलं भोक हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं त्या गोल भागापेक्षा) मोठं होतं, त्यासाठी उद्यमनगरात लेथवर ॲल्युमिनियमच्या रिंगा करून घेतल्या. त्याआधी नव्वदच्या पुढं स्टिअरिंग थरथरायचं. हा मात्र ऑफसेटचा दोष नाही. कुणी म्हणेल, ईटी 42 घे आणि स्पेसर (चाक बाहेर काढणारी चकती) टाक. मग 42 कशाला घेतलंस बाबा?

तुम्ही एकटे किंवा दोघंच फिरत असाल, गाडी माझ्याएवढी खाली नसेल, तर ईटी 35 घ्यायला माझी ना नाही. सुंदर दिसतं ते. पण पैसे द्यायच्या आधी एक चाक मागं उजवीकडं लावून बघा, मागच्या सीटवर तिघं बसवा आणि दुकानाजवळच्या स्पीड ब्रेकरवरून गाडी तिरकी काढा. तिघांत एक जण मामांच्या मापाचा असावा.