फुकटच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आम्ही चार वेळा भरलं

1 एप्रिल 2023, शनिवार. सकाळी नऊला बागायतदारांचे टेम्पो दारात लागले आणि आमचं पोर्टल उघडलं तर स्क्रीनवर एकच ओळ: "आपले लायसन्स संपले आहे. कृपया त्वरित संपर्क साधावा." तारीख बघून मला आधी वाटलं, कोणीतरी एप्रिल फूल करतंय. दोनदा रिफ्रेश केलं. ओळ तीच.

मी देवगड तालुक्यातल्या एका आंबा उत्पादक सहकारी संस्थेची सचिव. संस्थेचं नाव इथे देत नाही, आणि ज्यानं फसवलं त्याचंही नाही. वकिलांनी तशी ताकीद दिली आहे. शिक्षण बी.कॉम. कॉम्प्युटरवर टॅली, एक्सेल आणि व्हॉट्सॲप, एवढीच माझी मजल. हे लिहितेय ते माझ्यासारख्याच माणसांसाठी, ज्यांच्यापुढे कोटेशन येतं आणि त्यातले निम्मे शब्द कळत नसतानाही सही करावी लागते.

ऑक्टोबर 2018 मध्ये हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं आणि गावोगाव 'डिजिटल व्हा'चं वारं सुटलं. 2019च्या पावसाळ्यात हा गृहस्थ आमच्याकडे आला. लॅपटॉपवर डेमो दाखवला: सभासदानं घरबसल्या लॉगिन करायचं, आपल्या किती पेट्या जमा झाल्या, वाशीला काय दर लागला, किती रक्कम खात्यात पडली, सगळं एका पानावर. एका चौकटीत पेट्या, दुसरीत दर, तिसरीत सूचना. गोधडीला ठिगळं जोडावीत तशी ही चौकट इथे, ती तिथे, तो माउसनं उचलून ठेवत होता. प्रत्येक चौकटीला तो 'पोर्टलेट' म्हणायचा, ते पण असं की शब्द त्यानंच जन्माला घातलाय. (पोर्टलेट कसं बांधायचं याचं जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतलं मानक 2003 सालीच आलं, दुसरं 2008 ला. हे मला चार वर्षांनी कळलं.) आमचे अध्यक्ष चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "माका त्यातला काय कळणा नाय, पण माणूस शिकलेलो दिसता." झालं, ठराव मंजूर.

कोटेशनमध्ये सॉफ्टवेअरला त्यानं आपल्या कंपनीचं नाव लावलेलं होतं. लायसन्स 1,40,000, काम 90,000, आणि दर 31 मार्चला लायसन्स नूतनीकरण 36,000. कामाच्या नव्वद हजारांबद्दल माझी आजही तक्रार नाही. पानं मांडली, सभासदांची नावं भरली, दोन दिवस प्रशिक्षण दिलं. घाम गाळला त्याचे पैसे घेतले. तक्रार बाकीच्याची आहे.

सर्व्हर म्हणून ऑफिसातच एक कॉम्प्युटर बसवला, कपाटाच्या बाजूला. त्यावर एक काळी खिडकी कायम उघडी असायची, आत इंग्रजी ओळी सरसरत जायच्या. "मॅडम, ही खिडकी बंद केलीत तर पोर्टल मेलं समजा." आमच्या शिपायानं त्या मॉनिटरवर टॉवेल घालून ठेवला, चुकून कोणाचा हात लागायला नको म्हणून. त्या टॉवेलखाली काय लिहून येत होतं ते चार हंगाम कोणी वाचलं नाही.

पोर्टल महिन्या-दोन महिन्यांनी गोगलगाईसारखं चालायचं किंवा गोठायचं. मग त्याला फोन. तो ॲनीडेस्कवरून, म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायच्या सॉफ्टवेअरनं, आत यायचा, काळी खिडकी बंद करायचा, एका फाईलवर डबल क्लिक करायचा, नवी काळी खिडकी उघडायची, पाचेक मिनिटांत पोर्टल चालू. 'तातडीची सेवा', 3,500 रुपये. अशी अकरा बिलं माझ्या फायलीत आहेत. मी स्वतः शेजारी बसून बघायचे आणि तरीही मला कधी विचारावंसं वाटलं नाही की हे मी का करू नये.

एक गंमत तर ऐकाच. पहिल्या हंगामात पेटी जमा केल्याची वेळ चुकीची दिसायची. सव्वानऊला आणलेली पेटी पोर्टलवर पहाटे पावणेचारची. सभासद विचारायचे, "ताई, पावणेचारला पेटी घेऊन यायला आम्ही काय चोर आहोत?" यावर त्यानं 'भारतीय वेळेचं मॉड्यूल' बसवलं. 12,000 रुपये. पुढे कळलं की हे सॉफ्टवेअर नव्यानं बसवलं की जागतिक वेळ धरून चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. नियंत्रण पॅनेलमध्ये पोर्टल सेटिंग्ज, त्यात डिस्प्ले सेटिंग्ज, तिथे टाइम झोनची यादी आहे. यादीतून भारत निवडायचा आणि सेव्ह दाबायचं. आधी उघडलेल्या खात्यांची वेळ तेवढी वेगळी बदलावी लागते. मॉड्यूल वगैरे काही नसतं.

मे 2021 च्या तौक्ते वादळात आमच्याकडे कित्येक दिवस लाईट नव्हती. ती आल्यावर पोर्टल सुरू झालं, पण शेवटच्या दिवसांच्या काही नोंदी गायब. "वादळाला मी काय करणार मॅडम?" खरंच, वादळाला कोण काय करणार. नोंदी मी पावत्यांवरून पुन्हा भरल्या.

आता त्या 1 एप्रिलकडे येते. त्या वर्षी नूतनीकरण छत्तीसवरून थेट पंचावन्न हजारांवर नेलं होतं, समितीची सभा 8 तारखेला होती, म्हणून पैसे थांबले होते. फोन केला तर म्हणाला, "सिस्टीम ऑटोमॅटिक लॉक होते, माझ्या हातात नाही. पेमेंट टाका, अर्ध्या तासात चालू." दारात टेम्पो. मी जवळजवळ पैसे टाकणारच होते.

माझी भाची पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. शिमग्याला आली होती आणि घरूनच काम करत राहिली होती. शनिवार म्हणून मोकळी. तिला हाक मारली. आली, टॉवेल उचलला आणि पहिली गोष्ट म्हणजे कशालाही हात न लावता सगळं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं. आमच्या 'बॅकअप'चा पेन ड्राईव्ह बघितला. दर आठवड्याला तो भरण्याचेही पैसे त्याच लायसन्समध्ये धरलेले. त्यात फक्त वेबॲप्स नावाचं फोल्डर होतं, म्हणजे प्रोग्रॅम. सभासदांची माहिती असते ते डेटा फोल्डर त्यात कधीच गेलं नव्हतं.

मग ब्राउझरमध्ये एफ 12 दाबलं. बाजूला एक पट्टी उघडली, त्यात नेटवर्क, त्यात पानाचं नाव, त्यात हेडर्स. सर्व्हर प्रत्येक पानाबरोबर जी गुपचूप चिठ्ठी पाठवतो ती तिथे दिसते. तिनं बोट ठेवलं: लाइफरे पोर्टल कम्युनिटी एडिशन 6.2 सीई जीए 4, न्यूटन, बिल्ड 6203. लाइफरे हे सॉफ्टवेअरचं खरं नाव, न्यूटन हे त्याच्या 6.2 आवृत्तीचं टोपणनाव.

"मावशी, हे फुकट असतं."

पानाच्या तळाशी 'पॉवर्ड बाय लाइफरे' असं मुळात येतं. ते त्यानं थीममधून, म्हणजे पानाच्या सजावटीच्या फायलींतून, खरवडून आपल्या कंपनीचं नाव घातलं होतं. हेडर मात्र पुसायचं राहिलं. भाचीनं तिथल्या तिथे सोर्सफोर्ज या फुकट सॉफ्टवेअरच्या साइटवरून तीच प्रत उतरवायला लावली. आमच्या नेटवर बराच वेळ गेला, पण पैसा एकही लागला नाही. हे ओपन सोर्स, म्हणजे कोणीही फुकट घ्यावं, वापरावं असं, एलजीपीएल नावाच्या खुल्या परवान्याखाली दिलेलं. लाइफरेची पैसे देऊन घ्यायची आवृत्तीही आहे, तिला खरोखर लायसन्सची फाईल लागते. त्यामुळे 'लायसन्स' हा शब्द ऐकून कोणी हसणार नाही, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आमच्याकडे होती ती कम्युनिटी, म्हणजे फुकटची आवृत्ती. शिवाय 6.2 ची मालिका 2013 ची. आम्हाला विकली 2019 मध्ये, तोवर 7.2 बाजारात आली होती.

मग ते कुलूप कुठून आलं? वेबॲप्समध्ये आणखी एक छोटं फोल्डर होतं, नावाच्या शेवटी 'हुक'. लाइफरेत मूळ प्रोग्रॅमला हात न लावता वागणूक बदलायची असेल तर हुक लिहितात, चांगली सोय आहे ती. यानं त्या सोयीतून आमच्या दाराला कडी घातली होती. कोणीही पान मागितलं की आधी हुक तारीख तपासणार, तारीख उलटली असेल तर ती ओळ दाखवणार. तारीख होती एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये. नोटपॅडमध्ये उघडली: 2023-03-31. बस्स. एवढंच आमचं लायसन्स. छत्तीस हजार घेऊन दरवर्षी तो यातला सालाचा एक आकडा बदलत होता.

टॉमकॅट, म्हणजे त्या काळ्या खिडकीत चालणारा, पोर्टल चालवणारा प्रोग्रॅम, बंद केला, हुकचं फोल्डर उचलून डेस्कटॉपवर ठेवलं, पुन्हा सुरू केला. काळ्या खिडकीत ओळी सरकू लागल्या आणि या वेळी आम्ही दोघी त्या वाचत होतो. मध्येच एक इशारा आला, ज्याचा मराठीत अर्थ: हे पोर्टल हायपरसॉनिक डेटाबेसवर चालू आहे, प्रत्यक्ष वापरासाठी हायपरसॉनिक वापरू नका. हा डेटाबेस लाइफरेबरोबर आयताच येतो, डेमोपुरता, आणि तो काढून मायएसक्यूएलसारखा खरा डेटाबेस जोडायचा असतो. यानं डेमोचाच आम्हाला विकला. सगळ्या सभासदांचा हिशेब एलपोर्टल डॉट स्क्रिप्ट नावाच्या एका मजकुराच्या फाईलमध्ये. वीज धडकन गेली की अशी फाईल बिघडण्याची भीती. तौक्तेच्या नोंदी आठवल्या. आणि हा इशारा दर वेळी, प्रत्येक साडेतीन हजारांच्या रीस्टार्टला, त्याच्या डोळ्यांसमोरून जात होता.

पानं आली. टेम्पो रिकामे झाले. मी बाहेर जाऊन दोन ग्लास पाणी प्यायले.

दुपारी भाचीनं लॉगिनच्या पानावर सहज टेस्ट ॲट लाइफरे डॉट कॉम हा ईमेल आणि पासवर्ड 'टेस्ट' टाकला. आत. सर्वाधिकारी म्हणून आत. सॉफ्टवेअरबरोबर येणारं हे खातं जगजाहीर आहे, आणि आमचं पोर्टल इंटरनेटवर सताड उघडं. त्यातून 7.2.1 च्या आधीच्या आवृत्त्यांमधलं एक मोठं भगदाड 2020 मध्ये जाहीर झालं होतं, ज्यातून बाहेरचा माणूस लॉगिन न करताही सर्व्हरवर आपला प्रोग्रॅम चालवू शकतो. त्यावर आम्हाला कोणी अवाक्षर सांगितलं नव्हतं. सभासदांचे बँक खाते क्रमांक होते हो त्यात.

नंतरच्या दोन रविवारी तिनं डेटा मायएसक्यूएलवर हलवला. 6.2 मध्ये सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेशनखाली डेटा मायग्रेशनची सोय आहे: नव्या डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड द्यायचा, काम झालं की पोर्टल-एक्स्ट डॉट प्रॉपर्टीज या फाईलमध्ये तोच पत्ता लिहून पुन्हा सुरू करायचं. नवी आवृत्ती चढवणं मात्र जमलं नाही. मराठी शब्द बसवताना त्यानं मूळ जेएसपी फायलीच, म्हणजे पानं तयार करणाऱ्या फायली, खोडून लिहिल्या होत्या, काय बदललं त्याची नोंद नाही, स्वतः लिहिलेल्या पोर्टलेटचा सोर्स कोड, म्हणजे बदल करता येईल असा मूळ मजकूर, नाही. करारात सोर्स कोड आमचा असं लिहिलेलंच नव्हतं. मीच टाइप केला होता तो करार.

सोमवारी मी त्याला फोन करून न्यूटनबद्दल विचारलं. थोडा वेळ शांतता. मग आवाज चढला: "तुम्ही आमच्या सॉफ्टवेअरशी छेडछाड केलीत, हा गुन्हा आहे." मंगळवारी पोर्टलचा पत्ता टाकला की कोरं पान. डोमेन, म्हणजे तो पोर्टलचा पत्ता, त्यानं स्वतःच्या नावावर घेतलेलं होतं, आणि दरवर्षी त्याचे पैसे आम्ही भरत असताना मला वाटत होतं ते संस्थेचं आहे. ऐन हंगामात सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर सर्व्हरचा आयपी क्रमांक टाकून वेळ भागवावी लागली. आकड्यांचा पत्ता बघून निम्म्या लोकांना तोच फ्रॉड वाटला.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, पण ती सोय ऑनलाइन गेलेले पैसे वाटेतच अडवण्यासाठी. आमचे तर चार वर्षांत बिल घेऊन, चेकनं गेलेले. ग्राहक आयोगाबद्दल विचारलं तर कणकवलीचे वकील म्हणाले, व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा कायद्यात बसवताना वाद होईल, त्यापेक्षा बिलांवर जोर देऊ. बिलांवर त्याच्या सहीनं 'लायसन्स फी' आणि त्याच्या तथाकथित उत्पादनाचं नाव आहे, हाच आमच्या हातातला खरा पुरावा. त्या दिवशीचा हेडरचा स्क्रीनशॉट, हुकचं फोल्डर आणि ती तारखेची फाईल त्यांनी सीडीवर घ्यायला लावली. तुमच्यावर अशी वेळ आली तर काहीही पुसण्याआधी प्रत काढून ठेवा. रागाच्या भरात आमची ती फाईल डिलीट होता होता राहिली.

नोटीस गेल्यावर जूनमध्ये डोमेनचा ट्रान्सफर कोड मुकाट्यानं ईमेलवर आला. पैसे आले नाहीत. लायसन्स, नूतनीकरणं, ते घड्याळाचं मॉड्यूल आणि रीस्टार्टची अकरा बिलं मिळून 2,98,500 रुपये. वार्षिक सभेत हा आकडा मला वाचून दाखवावा लागला. कोणी ओरडलं नाही, तेच जास्त लागलं. मागे बसलेले एक आजोबा एवढंच म्हणाले, "कलमाच्या भावान रायवळ घेतलो आमी."

आता कोणीही आलं की मी आधी विचारते: हे कशावर बांधलंय, त्याचं मूळ नाव सांगा. डेटाबेस कुठला. डोमेन संस्थेच्या ईमेलवर नोंदवाल का, आणि सर्वाधिकारी पासवर्ड बंद पाकिटात पहिल्याच दिवशी द्याल का. एक जण हे ऐकून चहा अर्धा टाकून गेला.

गेल्या महिन्यात राजापूरकडच्या एका संस्थेतून एका बाईंचा फोन आला. त्यांच्याकडे एक गृहस्थ आलेत, पोर्टलचा डेमो चालू आहे, आमचं नाव त्यांनी 'जुने ग्राहक' म्हणून सांगितलंय, अनुभव कसा आहे? मी म्हटलं, ते चहा घेतायत तोवर तुमच्या कॉम्प्युटरवर त्यांचं डेमोचं पान उघडा आणि एफ 12 दाबा. नेटवर्क, मग पानाचं नाव, मग हेडर्स. फोन चालूच होता, कळफलकाचा आवाज येत होता.

"लाइफरे... कम्युनिटी... 6.2," त्या हळू आवाजात वाचत होत्या. "ताई, न्यूटन म्हणजे काय?"

मी म्हटलं, आज सही करू नका. संध्याकाळी सविस्तर बोलू.