लिग्नोकेन की बुपिव्हाकेन? (दोन्ही शरीराचा ठरावीक भाग बधिर करणारी औषधे)
नौपाड्यातल्या एखाद्या दंतवैद्याकडे दाढ काढण्यापूर्वी जे इंजेक्शन टोचले जाते, ते बहुधा लिग्नोकेनचे असते. २ ते ५ मिनिटांत हिरडी बधिर होते आणि सोबत ॲड्रेनालिन (रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषध) असेल, तर परिणाम अधिक टिकतो. (ओठ मात्र बराच वेळ जड राहतो, तोवर गरम चहा टाळलेला बरा.) बुपिव्हाकेन सावकाश चढते, पण ४ ते ८ तास वेदना दाबून ठेवते, म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासाठी ते उजवे ठरते. सुरक्षिततेत माझा कौल लिग्नोकेनला आहे, कारण चुकून रक्तवाहिनीत गेलेले बुपिव्हाकेन हृदयातील सोडियमच्या मार्गिकांना (ठोक्यांचे विद्युत-संकेत चालवणाऱ्या पेशींवरील सूक्ष्म वाटांना) अधिक घट्ट धरून ठेवते आणि थांबलेले हृदय पुन्हा सुरू करणे कठीण होते; अशा वेळी २० टक्के लिपिड इमल्शन (स्निग्ध पदार्थाचे पाण्यात मिसळलेले मिश्रण) शिरेतून देतात. जिभेला मुंग्या किंवा कानात गुणगुण ही औषध रक्तात जास्त गेल्याची खूण असू शकते; ती जाणवल्यास डॉक्टरांना तत्काळ सांगावे.