हॉवर्थ (यॉर्कशायर, इंग्लंड): इंग्रजी कादंबरीकार ब्राँटे बहिणींचं गाव, जा पण अख्खा दिवस काढून जा

लीड्स-मँचेस्टरकडच्या आपल्या लोकांचं वीकेंडचं नेहमीचं रडगाणं, लेक डिस्ट्रिक्ट झालं आता कुठं? तर हॉवर्थला जा. गाडी नकोच, कीथलीपर्यंत साध्या ट्रेननं जायचं आणि तिथून कोळशाच्या इंजिनाची जुनी गाडी धरायची (रोज नसते, टाइमटेबल बघून ठरवा). ५ मैलांची लाइन, ब्रिटिश रेल्वेनं १९६२ ला बंद केलेली, हौशी लोकांनी १९६८ ला परत सुरू केली ती अजून व्हॉलंटियरच चालवतात.

स्टेशन मात्र खाली आणि गाव वर. मेन स्ट्रीटचा चढ चांगलाच खडा आहे, घोडे घसरू नयेत म्हणून बसवलेल्या दगडी फरशीवर बाबागाडी ढकलायची म्हणजे शिक्षाच, आणि आईबाबा सोबत असतील तर सरळ टॅक्सी करा.

पार्सनेज म्युझियम, म्हणजे बहिणींच्या पाद्री वडिलांचं घर, मस्त. ब्राँटे कुटुंब १८२० ला या घरात आलं, १८४७ ला जेन एअर आणि वुदरिंग हाइट्स या दोन्ही कादंबऱ्या आल्या त्या इथं राहणाऱ्या बहिणींच्या, तेही टोपणनावांनी. जेवणाच्या टेबलाभोवती रात्री फेऱ्या मारत चर्चा करायच्या ते टेबल आहे, लहानपणी केलेली तळहातात मावणारी पुस्तकं आहेत, अक्षर इतकं बारीक की चष्म्यातूनही लागत नाही.

पण मला खरं हलवलं ते घरासमोरच्या कबरस्तानानं. १८५० मध्ये सरकारी इन्स्पेक्टर आला (कॉम्प्युटरवाल्या बॅबेजचा मुलगा, आयटीवाल्यांनी नोंद घ्या) त्याच्या रिपोर्टात गावातलं मरणाचं सरासरी वय २५ च्या आसपास निघालं, पाणी घाण, गटारं नाहीत. हा तपास व्हावा म्हणून धडपडणारे होते या मुलींचे वडील पॅट्रिक, आणि ते स्वतः ८४ वर्षं जगले, सहाही मुलं डोळ्यांदेखत गेली. हे माहीत असलं की त्या खिडक्यांतून बाहेर बघताना वेगळंच वाटतं.

दुकानं ठीकठाक, साबण-मेणबत्त्या-फज आणि ब्राँटे नावाचं काहीही. एका टीरूममध्ये चहा कोमट मिळाला, स्कोन मात्र झकास. ब्लॅक बुल पबमध्ये भाऊ ब्रॅनवेल प्यायचा, बाहेरून फोटो काढून पुढं गेलं तरी चालतं.

वेळ ठेवायचा तो मागच्या माळरानासाठी. ऑगस्टमध्ये हेदरची झुडपं फुलून सगळं जांभळं होतं, कास बघितलेल्यांनी रंगांची जत्रा मात्र शोधू नये, इथं एकच रंग आणि भन्नाट वारा. पाट्यांवर जपानीतसुद्धा रस्ता लिहिलाय. वाटेतला धबधबा किरकोळ आहे, तिथून परत न फिरता वर टॉप विदन्सच्या पडक्या घरापर्यंत जा, तिथल्या पाटीवर ब्राँटे सोसायटीनंच लिहिलंय की हे घर वुदरिंग हाइट्समधल्या घरासारखं कधीच नव्हतं, जागा तेवढी लेखिकेच्या मनात असावी. एवढं चालून आल्यावर हे वाचायचं, मला जाम हसू आलं.

वॉटरप्रूफ बूट घाला, चिखल उन्हाळ्यातही असतो. परतीची कोळशाची गाडी चुकली तर कीथलीची बस आहे.